उत्तर देण्याचा गुन्हा

फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईत एका बावन्न वर्षांच्या माजी प्राध्यापकाला अटक झाली. गणित शिकवणारा हा माणूस कुठल्या कटात नव्हता, त्याने सरकारविरुद्ध भाषण ठोकले नव्हते की कुणाचे पैसे बुडवले नव्हते. आपल्या मासिकात त्याने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती, एवढेच. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल होते, समलिंगी संबंधांबद्दल होते. असले प्रश्न छापणे आणि वर त्यांना उत्तर देणे ही अश्लीलता आहे, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. आरोपीचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे, मासिकाचे नाव ‘समाजस्वास्थ्य’. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. भीमराव आंबेडकर.

पुणे कराराला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. गोलमेज परिषदांनंतरच्या समित्या, साक्षी आणि अस्पृश्यांच्या चळवळीचा सगळा भार अंगावर असताना आंबेडकरांनी हे वकीलपत्र घेतले. ज्या समाजासाठी ते लढत होते, त्याच्या प्रश्नांशी या खटल्याचा वरवर काहीही संबंध नव्हता. उलट ‘अश्लील’ ठरलेल्या मासिकाची बाजू घेतल्याने विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळण्याची शक्यता होती. तरीही ते उभे राहिले. त्यांनी तिथे काय म्हटले ते पुढे येईलच. त्याआधी हा प्राध्यापक त्या पिंजऱ्यापर्यंत कसा पोचला, ते पाहिले पाहिजे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक पुण्यात छापून निघाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, अनौरस मूल मारल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली होती. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी त्याला जबाब दिला. वर्तमानपत्रात बाईच्या शीलाचा पंचनामा व्हायचा आणि बाईने त्याला छापील उत्तर द्यायचे, ही महाराष्ट्रातली पहिली ठळक चकमक. पुढे रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने बालविवाहावर पत्रे लिहिली. नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्या न्यायालयात लढल्या. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडले. मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा करायचे की नाही, यावर महिनोन्‌महिने रकाने भरले. त्या वादात मुलींचे वय होते, धर्मशास्त्र होते, परक्या सरकारचा अधिकार होता. मुलीच्या शरीरावर काय गुदरते, हे मात्र क्वचितच कुणी सरळ शब्दांत लिहीत होते. तसे लिहायला भाषाच तयार झालेली नव्हती.

त्याच १८९१ साली नऊ वर्षांच्या रघुनाथची आई राधाबाई वारली. वडील धोंडो केशव कर्वे यांनी दोन वर्षांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात राहून शिकलेल्या या गोदूबाई पुढे आनंदीबाई, घरच्यांच्या बाया कर्वे झाल्या. मुरूडकरांनी या कुटुंबावर बहिष्कार टाकला. समाजाच्या विरोधात जाण्याची किंमत घराला कशी मोजावी लागते, हे या मुलाने कळत्या वयात पाहिले होते. मुलगा अतिशय हुशार. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसनमध्ये शिकला, गणिताचा प्राध्यापक झाला, अधिक शिक्षणासाठी पॅरिसला गेला. फ्रेंच भाषा आणि फ्रेंच मोकळेपणा दोन्ही तो सोबत घेऊन आला.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले हे पहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते, म्हणजे गिरगावच्या चाळींतली बाई आणि लंडनच्या कामगार वस्तीतली बाई यांना ही मदत साधारण एकाच वेळी मिळू लागली. फरक असा, की मेरी स्टोप्स यांच्या मागे पैसा आणि प्रसिद्धी होती. कर्व्यांच्या मागे त्यांच्या पत्नी मालतीबाई होत्या आणि प्राध्यापकाचा पगार होता. ‘राइट एजन्सी’ या नावाने ते संततिनियमनाची साधने विकत. आपल्याला मूल नको हा निर्णय पतिपत्नींनी मिळून घेतला आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. त्या काळात हे करणारा पुरुष विरळा. आजही आपल्याकडे नसबंदीच्या शस्त्रक्रियांत बायकांचेच प्रमाण प्रचंड आहे. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केला, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या लेखनाइतकीच मोलाची वाटते.

१९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक आले. पुढे गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा, यावरही त्यांनी लिहिले. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांच्या या कॉलेजला आपल्या प्राध्यापकाचे हे उद्योग मानवण्यासारखे नव्हते. १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर कायमची, भरवशाची नोकरी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. हिंदू सनातनी आणि ख्रिस्ती धर्मप्रसारक यांचे एरवी कशावरही एकमत होत नसे. बाईने मूल कधी आणि किती व्हावे हे ठरवू नये, यावर मात्र ते होत असे.

आणि मग जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला.

हा अंक हातात घेणाऱ्याला पहिला धक्का मुखपृष्ठावरच बसत असे. तिथे नग्न स्त्रीचे चित्र किंवा छायाचित्र असे. नग्नता आणि अश्लीलता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, शरीराची लाज वाटणे हा संस्काराचा भाग आहे, निसर्गाचा नाही, असे संपादकांचे ठाम मत होते आणि ते त्यांनी पहिल्याच पानावर मांडले होते, शब्दांवाचून. त्या काळी असा अंक टपालाने घरी येणे, तो वडीलधाऱ्यांच्या नजरेतून चुकवणे आणि वाचून झाल्यावर लपवून ठेवणे, हे सगळे वाचकाला करावे लागत असणार. मुखपृष्ठाचा हा हट्ट पुरता निर्दोष होता असे मला वाटत नाही. शरीराच्या मुक्तीचा पुकारा करताना दर वेळी स्त्रीचेच शरीर पुढे केले, की बायका त्या अंकापासून चार हात दूर राहणार. ज्या बायकांसाठी हा माणूस झगडत होता, त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत हे चित्रच आडवे येत असणार.

पान उलटले की मात्र एक वेगळेच मासिक समोर येई. गणिताच्या माणसाने लिहिलेली कोरडी, नेमकी, एकही शब्द जास्त नसलेली भाषा. शरीररचना, गर्भधारणा, साधने कशी वापरायची, कुठले साधन कितपत भरवशाचे, उपदंश आणि परमा कसे पसरतात, वेश्याव्यवसायाला गुन्हा मानून काय साधते, विवाहसंस्था खरोखर कुणाच्या फायद्याची, स्त्रीला कामसुखाचा हक्क आहे की नाही. या शेवटच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर एकच होते : पुरुषाला जेवढा आहे तेवढाच. ‘शारदेची पत्रे’ या सदरातून समाजातल्या चालू घडामोडींवर टीका असे आणि त्यातून भले भले सुटत नसत. देव, धर्म, ब्रह्मचर्य, पातिव्रत्य यांपैकी काहीही त्यांना चौकशीच्या पलीकडचे वाटत नव्हते.

पण माझ्या मते ‘समाजस्वास्थ्य’चे खरे काम वाचकांच्या प्रश्नांच्या पानांवर चालले. महाराष्ट्रात सुधारणेचे लेखन तोवर पाऊण शतकाहून अधिक काळ चालले होते. लोकहितवादी, जोतीराव, आगरकर अशी मोठी परंपरा होती. पण ते सारे लेखन वरून खाली आलेले होते : जाणता लिहितो, समाज ऐकतो. इथे प्रथमच उलटी वाट सुरू झाली. गावोगावची माणसे, बहुतेक शिकलेले मध्यमवर्गीय पुरुष, आपल्या अंथरुणातल्या अडचणी लिहून पाठवू लागली. डॉक्टरला विचारायची लाज, वडिलांना विचारणे अशक्य, मित्रांना विचारले तर थट्टा. म्हणून त्यांनी मुंबईतल्या एका अनोळखी संपादकाला विचारले.

या पत्रांमधली सर्वांत मोठी भीती वीर्यनाशाची होती. वीर्य म्हणजे जीवनरस, त्याचा थेंब गेला की बुद्धी गेली, तेज गेले, आयुष्य गेले, अशी शिकवण त्या काळी आखाड्यांतून, ब्रह्मचर्यावरच्या पुस्तकांतून आणि देशभक्तीच्या भाषणांतूनही दिली जात होती. राष्ट्र बलवान करायचे तर तरुणाने वीर्य राखले पाहिजे, असा तो हिशेब होता. त्यामुळे वयात येणारा कोवळा मुलगा रात्री जे नैसर्गिकपणे घडते त्याला रोग समजत होता, पाप समजत होता आणि देशद्रोहसुद्धा समजत होता. वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती रकाने भरभरून येत. आधी भीती पेरायची आणि मग त्या भीतीवर गोळ्या विकायच्या, असा तो धंदा होता. त्या भीतीला कर्वे दर महिन्याला उत्तर देत होते : हस्तमैथुनाने काहीही होत नाही. वेड लागत नाही, क्षय होत नाही, पुढे मुले व्हायला अडचण येत नाही. घाबरू नका. असे एक वाक्य छापलेले वाचून किती मुलांनी रात्री शांत झोप घेतली असेल, याची मोजदाद कुठे झालेली नाही. पण समाजाची दृष्टी बदलते ती अशाच वाक्यांनी, असे मला खात्रीने वाटते. मोठमोठ्या परिषदांतले ठराव नंतर येतात.

बायकांची पत्रे थोडी. जी बाई लिहायला-वाचायला शिकलेली, जिच्या हाती टपालाचे पैसे आणि जिला स्वतःचा एकांत, अशा बायका त्या काळी होत्या तरी किती? बायकांच्या मनातले छापून यायला दुसरी वाट लागली. १९३० मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली प्रेमाची आणि देहाची ओढ त्यात उघड लिहिली होती. वादळ उठले. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला, तिच्यावर तुटून पडणारे लेख आले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. म्हणजे रघुनाथरावांना न्यायालयात खेचणारे आणि विभावरीबाईंना सभांतून झोडपणारे वातावरण एकच होते, आणि काळही जवळजवळ एकच.

पहिला खटला १९३१ चा. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून पुण्याच्या सनातन्यांनी तो उभा केला. कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. उच्च न्यायालयात अपील केले, तेही फेटाळले गेले. नोकरी नसलेल्या माणसाला शंभर रुपये ही मोठी रक्कम होती. पण त्यांनी ना मासिक बंद केले, ना सूर बदलला. म्हणून १९३४ चा दुसरा खटला.

हा खटला फेब्रुवारीच्या अखेरीपासून २४ एप्रिल १९३४ पर्यंत मुंबईत न्यायाधीश मेहता यांच्यापुढे चालला. कायद्याची चौकट कर्व्यांच्या विरोधात होती. अश्लीलता कशाला म्हणायचे, हे त्या वेळी भारतातली न्यायालये १८६८ च्या ‘हिक्लिन’ या इंग्लंडातल्या निकालावरून ठरवत असत. ज्याचे मन असल्या गोष्टींनी बिघडण्याजोगे आहे, अशाच्या हाती हे लेखन पडले तर ते त्याला बिघडवील का, अशी ती कसोटी. म्हणजे लेखन सुजाण वाचकाला काय देते ते पाहायचे नाही. लेखकाचा हेतू काय होता, तेही पाहायचे नाही. एखादा उताराही पुरे. शरीराबद्दलचे कुठलेही स्पष्ट वाक्य या चाळणीतून सुटणे कठीण होते.

आंबेडकरांनी मुळावरच हात घातला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. असले विकृत प्रश्न छापावेतच का आणि विचारले तरी त्यांना उत्तर द्यावेच का, असे न्यायाधीशांनी विचारले. त्यावर आंबेडकरांचे म्हणणे असे होते, की ती विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, उत्तरच दिले नाही तर ती जाणार कशी? समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला. एखाद्याची ही ओढ जन्मजात असेल तर त्यात गैर काय, त्याला त्याच्या परीने सुख मिळवण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती.

१९३४ साली, इंग्रजी राज्यातल्या मुंबईच्या न्यायालयात, समलिंगी संबंधांना शिक्षा सांगणारे कलम ३७७ अंमलात असताना, हे बोलले गेले. जातीने माणसाचे जगणे जन्मापासून जखडलेले ज्याने भोगले होते, त्याला दुसऱ्या एका जन्मजात कारणावरून माणसाला अपराधी ठरवणे मान्य होण्यासारखे नव्हते. आंबेडकरांच्या चरित्रांत हा खटला सहसा दोन-चार ओळींत उरकला जातो, आणि याचे मला फार वाईट वाटते. महाडच्या तळ्याच्या आणि काळाराम मंदिराच्या लढ्यांच्या मागे जी दृष्टी होती, तीच इथे बोलत होती.

निकाल विरोधात गेला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याच साली त्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, दंडाने त्यांच्या लेखणीत काही फरक पडला नाही याचा तो पुरावा. मासिकाचे अंकही निघत राहिले.

बाहेर देशभर वाद पेटत होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. संततिनियमन हवे हे गांधीजींनाही मान्य होते, पण मार्ग फक्त संयमाचा. साधने वापरणे म्हणजे विषयवासनेला मोकळे रान देणे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून हे मत देशभर पोचत होते. कर्व्यांनी गांधीजींच्या या मताचा आपल्या मासिकातून निर्दयपणे समाचार घेतला. ब्रह्मचर्य पाळा असे नवऱ्याला सांगायचे आणि तो पाळत नसेल तर बाईने वर्षाआड बाळंत होत राहायचे, हा न्याय त्यांना पटणे शक्य नव्हते. एका बाजूला ज्याच्या शब्दावर लाखो लोक तुरुंगात जात होते असा महात्मा, दुसऱ्या बाजूला मोजक्या वर्गणीदारांचा एकटा संपादक. त्या सामन्यात कोण जिंकणार हे उघड होते. तरी या प्रश्नापुरते बरोबर कोण होते, हेही आज तितकेच उघड आहे.

थोडे लोक त्यांच्या वाटेने आले. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्येच या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि सँगर यांनी त्याला प्रस्तावना दिली. रँग्लर परांजपे यांची मुलगी शकुंतला परांजपे यांनी पुण्यात संततिनियमनाचे काम वर्षानुवर्षे चालवले, बायकांना समजावून सांगितले आणि पुढे राज्यसभेपर्यंत हा विषय नेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या वतीने आमदार रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

रघुनाथराव स्वभावाने गोड नव्हते. युक्तिवादात समोरच्याला ते सवलत देत नसत, सहकारी गोळा करणे त्यांना जमले नाही, लोकांच्या श्रद्धांना हळुवारपणे हात घालणे त्यांना ठाऊकच नव्हते. वडिलांनी हिंगण्याच्या माळावर आश्रम काढून, पै-पै गोळा करून, माणसे जोडून स्त्रीशिक्षणाची संस्था उभी केली. मुलाने एक मासिक काढले आणि ते जवळजवळ एकहाती चालवले. वडिलांची संस्था त्यांच्या पश्चात वाढत गेली. मुलाचे मासिक त्याच्याबरोबर संपले. १९४४ मध्ये पत्नी मालतीबाई गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथराव गेले, आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. सव्वीस वर्षांहून अधिक काळ, महायुद्धातली कागदटंचाई, दंड आणि दारिद्र्य यांतून तो माणूस लिहीत राहिला होता. पंचाण्णव वर्षांचे धोंडो केशव तेव्हा हयात होते. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि ते योग्यच होते. मुलाच्या नावे मात्र दंडाच्या पावत्याच राहिल्या.

रघुनाथरावांच्या मृत्यूच्या वर्षभर आधी, १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला होता. असे करणारा हा जगातला पहिला देश. म्हणजे कर्वे जिंकले, असे वाटेल. पण सरकारने कर्व्यांचे अर्धेच घेतले. लोकसंख्या घेतली, साधने घेतली, लाल त्रिकोण काढला. १९६८ मध्ये पंधरा पैशांना तीन या भावाने ‘निरोध’ गावोगावच्या दुकानांत पोचवला. बाईचा हक्क, तिचे सुख, तरुणाच्या मनातली भीती, समलिंगी माणसाचे जगणे, हे सगळे वगळले. ज्या कामाचा पाया कर्व्यांनी व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घातला होता, त्यात आकडे घुसले, आणि आणीबाणीत १९७६ साली माणसांना पकडून नसबंदी करण्यापर्यंत मजल गेली. स्वतःच्या इच्छेने नसबंदी करून घेणाऱ्या त्या पहिल्या प्रचारकाच्या विचाराची याहून मोठी विटंबना झाली नसेल.

उरलेले अर्धे पुन्हा छापील पानांनी आणि रंगमंचानेच पुढे नेले. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरचे प्रेम मराठी रंगमंचावर आणले. १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले आणि बायकांना आपले अनुभव स्वतःच्या नावाने लिहिण्याची जागा मिळाली. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईतून ‘बाँबे दोस्त’ हे समलिंगी माणसांचे नियतकालिक सुरू केले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून या विषयावर पुस्तके लिहिली आणि संस्था उभी केली. महिंदर वत्स या डॉक्टरांचे प्रश्नोत्तरांचे सदर मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पुढे वर्षानुवर्षे चालले. त्यातले प्रश्न वाचले तर चकित व्हायला होते. वीर्य गेले, आता काय होईल? सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही तीच भीती, तीच घाबरलेली मुले.

न्यायालयांनाही वेळ लागला. ‘हिक्लिन’ची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला ठेवली. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला, आंबेडकरांच्या त्या युक्तिवादानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, सज्ञान माणसांचे परस्परसंमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिला.

या शतकभराच्या प्रवासात प्रसारमाध्यमांची भूमिका एकसारखी नव्हती. ‘पुणे वैभव’ही माध्यमच होते आणि ‘समाजस्वास्थ्य’ही. शक्तीच्या गोळ्यांची जाहिरात छापणारे पानही माध्यमच, आणि ती खोटी आहे हे सांगणारे पानही. आज मुलांच्या हातात जो मोबाइल आहे, त्यात दोन्ही प्रकारची पाने एकत्रच येतात आणि कुठले खरे ते सांगणारे जवळ कुणी नसते. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात शालेय लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. आक्षेप जुनेच होते : असले विषय मुलांपुढे आणायचेच कशाला? १९३४ साली न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न त्र्याहत्तर वर्षांनी आमदारांच्या तोंडी होता.

रघुनाथरावांचे लेखन आज दुर्मिळ नाही. अनंत देशमुख यांनी ते कष्टाने गोळा करून खंडांत आणले आहे. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आणि अजित दळवी लिखित, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांमुळे अनेकांना हे नाव नव्याने कळले. शाळेत शिकवणाऱ्यांना, दवाखान्यात बसणाऱ्यांना आणि घरात वयात येणारी मुले असलेल्या आईबापांना माझी विनंती आहे : ते खंड मिळवा, त्यातली वाचकांच्या प्रश्नांची पाने आधी वाचा, आणि घरातल्या मुलाने किंवा मुलीने असा प्रश्न विचारला तर विषय बदलू नका, उत्तर द्या.